सगळे धर्म सारखेच? मग एकवीस वर्षं कशाला लागली?

कुठे दंगल झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. पाठवणारे काका बँकेतून निवृत्त झालेले, अगदी सज्जन गृहस्थ. मजकूर ठरलेला: सगळे धर्म सारखेच खरे, नद्या वेगळ्या पण समुद्र एक. सगळे धर्म प्रेमच शिकवतात. धर्म वाईट नसतो, माणसं वाईट असतात. समाजाची सेवा सगळ्यांनी सारखीच केली. आपली राज्यघटनासुद्धा सगळ्या धर्मांना सारखंच मानते, तेव्हा तुलना करणंच चूक. खाली जोडलेले हात आणि तिरंगा.

हेतूबद्दल शंका नाही. शेजाऱ्याशी भांडू नका, एवढंच काकांना म्हणायचंय, आणि ते शंभर टक्के मान्य. पण त्यासाठी त्यांनी दिलेलं कारण टिकत नाही. शिवाय ज्याला स्वतःच्याच धर्माचा चटका बसलाय त्याला ते ‘गप्प बस’ असंच सांगतं.

नद्यांपासून सुरू करू. ही उपमा शिवमहिम्न स्तोत्रातली. स्वामी विवेकानंदांनी 1893 मध्ये शिकागोच्या धर्मपरिषदेत ती सांगितली आणि तिथून ती जगभर गेली. मूळ श्लोक कुणाला उद्देशून आहे ते मात्र कुणी बघत नाही. तो शंकराला उद्देशून आहे. सगळ्या वाटांनी माणसं शेवटी तुझ्याकडेच येतात, असं भक्त त्याला सांगतोय. म्हणजे नद्या सगळ्यांच्या, समुद्र मात्र आपला. श्लोक सुंदर आहे, मोठ्या मनाचाही आहे, पण ही समानता एका घराच्या ओसरीवर बसून केलेली आहे. बौद्धांना विचारा: त्यांच्याकडे ईश्वरही नाही आणि आत्माही नाही, मग मिळायचं कुठल्या समुद्राला? जैन जगाचा निर्माता मानत नाहीत. श्रद्धावान मुसलमानाला किंवा ख्रिस्ती माणसाला ‘तू म्हणतोस तेच आम्ही वेगळ्या शब्दांत म्हणतो’ असं सांगून पाहा. तो हसून सोडून देईल, पण ते त्याला पटलेलं नसेल. त्याचं म्हणणं नीट ऐकून ‘मला हे मान्य नाही’ म्हणण्यात जास्त आदर आहे.

आता या मेसेजला मिळालेलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात महागडं उत्तर बघू. 13 ऑक्टोबर 1935, येवला. ‘हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही’ हे बाबासाहेबांनी तिथे जाहीर केलं. 14 ऑक्टोबर 1956, नागपूर. लाखोंच्या साक्षीने त्यांनी धम्मदीक्षा घेतली. मध्ये गेली एकवीस वर्षं आणि एक दिवस. या काळात मुसलमान पुढारी, ख्रिस्ती मिशनरी, शीख संस्था असे सगळ्यांचे लोक त्यांना भेटून गेले. 1936 च्या एप्रिलमध्ये ते स्वतः अमृतसरला शिखांच्या परिषदेला गेले. सगळे धर्म सारखेच असते तर हा माणूस एवढी वर्षं काय चाचपत होता? येवल्याहून परतताना वाटेत जे पहिलं प्रार्थनास्थळ लागलं असतं तिथे शिरून मोकळा झाला असता.

हाच मुद्दा त्यांच्या तोंडावर फेकला गेला होता. धर्म सगळे सारखेच, मग बदलायचा कशाला? त्यावर त्यांनी लिहिलेलं उत्तर थोडक्यात असं: धर्मांच्या तौलनिक अभ्यासाने एक चांगलं काम केलं, ‘आमचाच धर्म खरा’ ही घमेंड त्याने मोडून काढली. पण त्याच अभ्यासातून एक वाईट सवयही लागली. सगळेच धर्म चांगले, त्यांच्यात डावं-उजवं करायची गरज नाही, असं लोक मानू लागले. बाबासाहेबांची कसोटी साधी होती. हा धर्म माणसाला स्वातंत्र्य, समता, बंधुता देतो का? बुद्धीला पटतो का? गरिबीला पवित्र मानून माणसाला आहे तिथेच ठेवतो का? ही कसोटी कुणाला अपुरी वाटेल, कुणाला पक्षपाती. त्यावर वाद जरूर घाला. पण ‘कसोटी लावणंच पाप’ हे बाबासाहेबांना सांगायला आपण कोण?

सगळे प्रेमच शिकवतात, यावर फार थांबत नाही. शिकवतात, खरंच आहे. पण प्रश्न ‘प्रेम करा’ या वाक्याचा नसतोच. ते वाक्य संपल्यावर जे नियम सुरू होतात त्यांचा असतो. गाभाऱ्यात कोणी जायचं, वारसा कुणाला किती, बायकोला सोडायचा अधिकार कुणाचा, जातीबाहेर लग्न केलं तर काय. धर्म वेगळे पडतात ते इथे.

आणि मग येतं काकांचं लाडकं वाक्य, धर्म वाईट नसतो, माणसं वाईट असतात. काका बँकेतले, म्हणून त्यांच्याच भाषेत सांगतो. हा हिशेब विचित्र आहे: जमा सगळी धर्माच्या खाती, नावे सगळं माणसाच्या खाती. अन्नछत्र चाललं तर धर्म थोर. कुणाला दारातून हाकललं तर ते ‘त्या माणसाचं’ वागणं. असं खातं कुठला ऑडिटर पास करेल?

पंढरपूरला गेलात तर महाद्वारापाशी दोन मिनिटं उभे राहा. नामदेव पायरीवर पाय पडू नये म्हणून माणसं ती ओलांडून जातात. म्हाताऱ्या बायका वाकून हात लावतात आणि तो हात कपाळाला लावतात. तिथेच समोर चोखोबांची समाधी. चोखोबा चौदाव्या शतकातले, आणि त्यांच्या जातीच्या माणसाला पायरीच्या आत पाऊल टाकायला 1947 साल उजाडावं लागलं. त्यासाठी साने गुरुजींना त्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. विरोध करणारे कोणी गुंड नव्हते. पूजाअर्चा करणारे, सोवळंओवळं पाळणारे लोक होते आणि आधार शास्त्राचाच देत होते. यातला वाईट माणूस कोण? तिथे वाईट होता तो नियम, आणि चांगली माणसं तो श्रद्धेने पाळत होती. गंमत म्हणजे गुरुजींच्या उपोषणामागचं बळही वारकऱ्यांच्या भक्तीतूनच आलेलं. दार लावणारा धर्म आणि दार उघडणारा धर्म एकाच नावाचे. म्हणून मला ‘हिंदू धर्म विरुद्ध इस्लाम’ अशा कुस्त्यांमध्येही रस नाही. तुलना करायची ती विशिष्ट नियमाची, विशिष्ट संस्थेची, विशिष्ट काळातली.

18 एप्रिल 1966 ला मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंनी मुंबईत सात मुस्लिम बायकांचा मोर्चा काढला. फक्त सात. मागणी तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करण्याची. नवरा देवमाणूस असेल, तलाकचं नावही काढणार नाही. तरी तीन शब्दांचा अधिकार तेव्हा त्याच्याच खिशात, बायकोच्या पदरात तसा अधिकार नाही. सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तो तलाक अवैध ठरवला 22 ऑगस्ट 2017 रोजी, म्हणजे 51 वर्षांनी. त्या सात जणींना ‘धर्म चांगलाच आहे, नवरे वाईट असतात’ असं सांगणारे तेव्हाही पुष्कळ होते.

हे वाचून कुणी खूश होत असेल की चला, मग आमचाच धर्म श्रेष्ठ, तर त्यानेही जरा थांबावं. शिखांच्या आचारसंहितेत मुलगी मारणाऱ्याशी संबंध ठेवायलाच मनाई आहे. याहून स्पष्ट काय लिहायचं? आणि 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या शीख मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे मुली 828, देशाची सरासरी 918 च्या आसपास. जमीन, हुंडा, सोनोग्राफीचं मशीन यांनी आचारसंहितेला केव्हाच मागे टाकलं. उलट बाजूचा आकडाही तपासून घ्या. त्याच जनगणनेत बौद्धांची साक्षरता 81 टक्क्यांवर आहे, देशाची 74 टक्के, म्हणून धम्माने लोकांना शिकवलं, असं आमच्यातलेच काही जण अभिमानाने सांगतात. पण देशातले जवळपास 77 टक्के बौद्ध महाराष्ट्रात राहतात आणि महाराष्ट्राची साक्षरताच 82 टक्के. गावकुसाबाहेरून निघालेला समाज दोन पिढ्यांत राज्याच्या सरासरीला येऊन भिडला ही लहान गोष्ट नाही. मात्र त्यात दीक्षेचा वाटा किती आणि ‘शिका’ या सांगण्याचा, वसतिगृहांचा, शिष्यवृत्त्यांचा किती, हे एका आकड्यावरून कळत नाही.

सेवा सगळ्यांनी सारखीच केली, हा मुद्दाही असाच सैल आहे. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. केशवपन झालेल्या, घरात ओझं झालेल्या पोरींना तिथे शिक्षण मिळालं. त्या काळी त्यांच्यासाठी असं दार दुसरीकडे शोधून सापडत नव्हतं. पुढे मुली ख्रिस्ती होऊ लागल्या तसं वादळ उठलं आणि पालकांनी भराभर मुली काढून नेल्या. सेवा खरी होती, आणि तिच्या टोकाला धर्मांतराचा धागा होता हेही खरं. रमाबाईंचं वैशिष्ट्य असं, की नव्या धर्मातही त्या मुकाट बसल्या नाहीत. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले, आता दुसऱ्याचं मानेवर घेणार नाही, असं त्यांनी इंग्लंडमधल्या आपल्या ख्रिस्ती मार्गदर्शकांना सरळ लिहून कळवलं. तिकडे गोव्यात त्याच ख्रिस्ताच्या नावाने इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, 1560 पासून 1812 पर्यंत, मधली काही वर्षं सोडली तर. आणि बाटल्यावरही बामण बामणच राहिला, सुदीर (शूद्र) सुदीरच. या सगळ्याला ‘सारखं’ म्हणायचं तर त्या शब्दाला अर्थ काय उरला?

राज्यघटनेचं म्हणाल तर काकांनी कलम 25 एकदा उघडून वाचावं. तिथे सारखा हक्क दिलाय तो व्यक्तींना: सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य, धर्म मानण्याचं, आचरण्याचं, सांगण्याचं स्वातंत्र्य. सगळ्या शिकवणी सारख्याच योग्य, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. उलट हक्क देतानाच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्याची अट घातली आहे. कलम 17 ने तर अस्पृश्यता नष्ट केल्याचं सांगून टाकलं. शेकडो वर्षं धर्म म्हणून पाळली गेलेली एक गोष्ट तपासून घटनेने ती नापास केली. तुलना चूक असती तर हे कलम आलंच नसतं.

एक प्रकरण अजून मिटलेलं नाही, तेही मुंबईतलंच. दाऊदी बोहरा या मुस्लिम समाजात घराघरात तयार जेवणाचा डबा पोचवणारी व्यवस्था आहे. चूल पेटवायची काळजी नाही, कोणी उपाशी राहत नाही. असा डबा फारच थोड्या समाजांना जमलाय. आणि त्याच समाजात धर्मगुरूंना बहिष्काराचा अधिकार आहे. त्याला ते ‘बरात’ म्हणतात, लग्नाच्या वरातीशी त्याचा काही संबंध नाही. बरातीत टाकलेल्याशी नातेवाईक बोलत नाहीत, मशिदीत आणि दफनभूमीतही त्याला जागा नाही. मुंबई राज्याने 1949 मध्ये अशा बहिष्काराला बंदी करणारा कायदा केला. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला, कारण धर्माचा कारभार हा धर्माचा हक्क. पाचातल्या एका न्यायमूर्तींना ते पटलं नव्हतं, आणि ते होते खुद्द सरन्यायाधीश सिन्हा. 2016 मध्ये महाराष्ट्राने जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध सामाजिक बहिष्काराचा नवा कायदा केला. मग 1962 च्या त्या निकालाचं करायचं काय, हा प्रश्न फेब्रुवारी 2023 मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला गेला. डबा आणि बरात, दोन्ही एकाच दारातून येतात. त्यातलं काय ठेवायचं आणि काय नाही, हे ठरवायचं असेल तर काकांच्या मेसेजचा त्या पीठाला काडीचाही उपयोग नाही.