मऊ, कडक आणि आई

मोटारीचे शॉकअप मरतात तेव्हा त्याची वार्ता कुणी आणून देत नाही. बॅटरी बसली किंवा टायर पंक्चर झाला तर मालकाला ते जागच्या जागी कळते. शॉकअप मात्र रोज थोडेथोडे हरत जातात आणि मालकही रोज थोडाथोडा त्या पराभवाला सरावत जातो. माझ्या हॅचबॅकचे सत्तर-ऐंशी हजार किलोमीटरनंतर नेमके हेच झाले होते. द्रुतगती मार्गावरच्या एखाद्या पुलाच्या सांध्यावर ती उसळली की दोन-तीन वेळा डोलून मगच ठिकाणावर येत असे, आणि त्या डोलण्यात मागच्या सीटवर आईला सुरेख झोप लागत असे. गॅरेजमधल्या उस्तादांनी विजेरीच्या उजेडात पुढच्या शॉकअपवरून ओघळलेले तेल दाखवले आणि मूळ बनावटीचेच नवे शॉकअप टाका, म्हणजे विषय संपेल, असा सल्ला दिला. विषय इतक्या लवकर संपावा अशी माझी मुळीच इच्छा नव्हती.

पुण्यात रोज कचेरीला ज्या गाडीने जायचे, त्याच गाडीला उंची कमी-जास्त करता येणारे आणि कडकपणा बटणाने बदलता येणारे सस्पेन्शन बसवून घ्यायचे, हे मी फार आधीच ठरवून टाकले होते. शॉकअप गळण्याची तेवढी वाट पाहत होतो. या प्रकाराला कॉइलओव्हर म्हणतात. शॉकअपच्या नळीवर बाहेरून आटे पाडलेले असतात, त्या आट्यांवर स्प्रिंगची बैठक फिरवून गाडी वरखाली करता येते आणि वरच्या टोकाला एक बटण असते, ज्याला मऊपासून कडकपर्यंत तीस पायऱ्या असतात. तीस पायऱ्या कुणाला लागतात, असा प्रश्न माझ्या पत्नीने विचारला. लागत नाहीत, पण असाव्यात, हे तिला पटवून देणे मला आजतागायत जमलेले नाही.

तिला पटवण्यासाठी मी जेवणाच्या टेबलावर थोडे शास्त्र सांगितले होते. धक्का शॉकअप सोसतो हा सार्वत्रिक गैरसमज आहे. धक्का सोसते ती स्प्रिंग. परंतु स्प्रिंगला एकदा दाबले की ती स्वतःहून थांबत नाही, आणि तिला आवरण्याचे काम शॉकअपकडे असते. आतला दांडा खालीवर होताना तेल बारीक झडपांमधून रेटले जाते आणि हालचालीची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते, म्हणजे सिंहगड रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा अखेरीस पेलाभर तेल किंचित कोमट करून संपतो. त्या तेलाला फेस आला तर झडपांना धरायला काही उरत नाही, म्हणून चांगल्या शॉकअपमध्ये दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो. पुढच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबावर बसवण्याची युक्ती अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याची. १९५० साली ब्रिटनमध्ये आलेल्या फोर्डच्या कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांनी ती रूढ केली, आणि आजच्या बहुतेक हॅचबॅक तिच्यावरच उभ्या आहेत. तिच्यामुळे जागाही वाचते आणि खर्चही वाचतो, असे मी म्हणालो. कुणाचा खर्च, असे पत्नीने विचारले. मी चारही चाकांचा मिळून आकडा सांगितला, आणि तो चाराने भागून पुन्हा एकदा सांगितला.

कायद्याची बाजूही पाहणे आवश्यक होते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम पुन्हा एकदा ठणकावून सांगितलेले आहे. मी नोंदणीपत्र आडवे-उभे वाचून काढले. त्यात रंग होता, आसनसंख्या होती, दोन आसांमधले अंतर होते, स्प्रिंगचा मात्र कुठे उल्लेख नव्हता. तरीही विमा कंपनीला कळवणे भाग होते. त्यांच्या फॉर्मवर सीएनजी किटसाठी रकाना होता, इतर विद्युत व बिगरविद्युत उपकरणांसाठी रकाने होते, आणि फोनवरच्या तरुणाने बराच विचार करून माझे सस्पेन्शन सीटकव्हरच्या जोडीला बिगरविद्युत उपकरणांत टाकले. ते तिथेच आहे.

प्रत्यक्ष बसवण्याचा दिवस मी रजा काढून साजरा केला. उस्तादांनी जुने शॉकअप उतरवले, वरची माउंटिंग आणि बेअरिंग तपासून बाजूला ठेवली आणि मी मागे उभा राहून त्यांना सूचना देऊ लागलो. लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या, रबरी बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर लोंबकळत असताना आवळू नयेत, चाके जमिनीवर टेकून गाडी आपल्या उंचीला आल्यावरच आवळावेत, नाहीतर आतले रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि अकाली फाटते, ही मौलिक माहिती मी त्यांना पुरवली. ती माहिती त्यांना माझ्या जन्माआधीपासून असावी. “साहेब, तुम्ही चहा घेऊन या,” असे ते अत्यंत आदराने म्हणाले, आणि चहा झाल्यावर पुन्हा एकदा तेच म्हणाले.

संध्याकाळी गाडी ३० मिलिमीटर खाली बसलेली होती आणि चाक व मडगार्ड यांच्यातली ती बेढब पोकळी नाहीशी झाली होती. मूळ स्प्रिंग एक मिलिमीटर दबायला साधारण दोन-अडीच किलोचा भार घेत असे, नवी ६ किलो घेते. याचा व्यावहारिक अर्थ असा, की चाकाच्या डोक्यावर साठ किलोचे वजन ठेवले तर पूर्वी गाडी अडीच सेंटिमीटर खचायची, ती आता एक सेंटिमीटर खचून तुमच्याकडे पाहत राहते. कोंढव्याहून सासवडकडे जाताना बोपदेव घाटाच्या वळणांवर हा फरक असा काही जाणवतो की त्याचे वर्णन मी घरी करायचे सोडून दिले आहे. गाडी कलत नाही, स्टेअरिंग वळवल्यानंतर पुढचे चाक विचार करत बसत नाही, आणि वळण संपल्याचे वाईट वाटते. दुर्दैवाने माझी कचेरी घाटात नाही.

कचेरीच्या वाटेवर गतिरोधक आहेत. या विषयावर मी आता अधिकारवाणीने बोलू शकतो. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेने गतिरोधकाचे माप ठरवून दिलेले आहे: रुंदी ३.७ मीटर, मधली उंची १० सेंटिमीटर आणि गोलाई १७ मीटर त्रिज्येची, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाने तो सुखाने ओलांडता येतो. दोन आसांमधले अंतर अडीच मीटर धरले तर असल्या गतिरोधकाचा फुगवटा पुढच्या-मागच्या चाकांच्या मधोमध जेमतेम साडेचार सेंटिमीटर वर येतो, आणि माझ्या गाडीच्या पोटाखाली त्याच्या तिप्पट जागा शिल्लक आहे. हा हिशेब मी कागदावर आकृती काढून केलेला आहे. प्रश्न एवढाच आहे की हा कागद आणि गतिरोधक घालणारी मंडळी यांची कधी गाठ पडलेली नाही. आमच्या सोसायटीचा गतिरोधक पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीतून उरलेल्या काँक्रीटचा आहे. त्याची रुंदी हातभर, उंची वीतभर आणि गोलाई कारागिराच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर बेतलेली आहे.

तो ओलांडण्याची एकच रीत आहे. गाडी तिरकी घालायची आणि एकेक चाक स्वतंत्रपणे पलीकडे उतरवायचे. गाडी तिरकी दिसली की समोरचा रिक्षावाला मी वळतो आहे असे समजून थांबतो, मी वळत नाही असे पाहून तो निघतो, तेवढ्यात मी खरोखरच त्याच्या वाटेत असतो, आणि उरलेल्या फटीतून दोन स्कूटर निघून जातात. मागच्या गाडीतला सद्गृहस्थ आधी हॉर्न वाजवतो, मग काच खाली करतो आणि शेवटी नुसतेच पाहतो. सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी माझी आकृती सर्वांना वाटली आणि प्रमाणित मापाचा गतिरोधक घालावा असा ठराव मांडला. सचिव वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान आहेत. “काका, तुमच्या गाडीची उंची वाढवता येते ना? मग ती वाढवा,” असे ते म्हणाले. सभेत या सूचनेला अनुमोदन तत्काळ मिळाले.

उंची वाढवता येते, हे खरे आहे. जूनच्या सुरुवातीला ती मी वाढवतोच, कारण पावसाळ्यात खड्ड्यातले पाणी खड्ड्याची खोली सांगत नाही. मात्र पावसाळा जसा गाडीखाली येतो तसा तो त्या आट्यांमध्येही शिरतो. चिखल सुकतो, स्प्रिंगची बैठक जागेवर धरणारा लॉकनट गंजून बसतो आणि दिवाळीच्या सुमारास आकडीच्या टोकाचा पाना लावला की काहीच हलत नाही. म्हणून ब्रशने आटे घासणे, पाण्याने धुणे, कोरडे करून वंगण फवारणे आणि दांड्यावरचे रबरी बूट फाटले नाहीत ना हे पाहणे, असा नेम मी लावून घेतला आहे. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सतरंजीवर आडवा पडून मी हे करत असतो, तेव्हा गाडीखालून माझे पाय तेवढे दिसतात आणि ये-जा करणारे शेजारी त्या पायांना उद्देशून चौकशी करतात.

उंची बदलली की अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन पुन्हा जुळवणे, आली. गाडी खाली बसली की चाके वरच्या बाजूने आत झुकतात आणि त्यांचा सरळपणाही बिघडतो. तसेच चालवत राहिले तर टायर फक्त आतल्या कडेने झिजतो, बाहेरून तो नवाकोरा दिसतो आणि आतून तार डोकावू लागते. शिवाय नवी स्प्रिंग काही आठवड्यांत स्वतःहून आणखी थोडी बसते, म्हणजे पुन्हा अलाइनमेंट. अलाइनमेंटवाल्याने हल्ली मला पावती विचारणे बंद केले आहे, तो नुसता “वर का खाली?” एवढेच विचारतो.

पण या सगळ्यापेक्षा मोठे प्रकरण आवाजाचे. मऊ गाडीत आवाज होत असतात आणि ते रबरात विरून जातात. कडक गाडी मालकापासून काहीही लपवत नाही. एके दिवशी मागून किंवा पुढून, डावीकडून किंवा सर्वत्र, बारीक खट-खट सुरू झाली. मी डिकी रिकामी केली. जॅक बाहेर काढला, स्टेपनी काढली, पत्नीच्या पर्समधले किल्ल्यांचे जुडगेही संशयावरून घरी ठेवायला लावले. शेवटी मागची सीट पाडून मी स्वतः डिकीत आडवा झालो आणि पत्नीला सोसायटीला फेऱ्या मारायला सांगितले. ती फेऱ्या मारत होती, मी कान पत्र्याला लावून “हळू… आता जोरात… पुन्हा तिथूनच” असे ओरडत होतो, आणि फाटकावरच्या वॉचमनने प्रत्येक फेरीला उठून उभे राहत आम्हाला सलाम केला. दोषी निघाला तो पुढचा लिंक रॉड, म्हणजे वळणावर गाडीचे कलणे रोखणाऱ्या आडव्या दांडीला सस्पेन्शनशी जोडणारा छोटा दांडा. गाडी खाली आणली तरी तो मूळ लांबीचाच राहिला होता, त्यामुळे तिरका ओढला जाऊन त्याचा बॉल जॉइंट झिजला होता. आखूड लिंक रॉड टाकल्यावर खट-खट थांबली. त्यानंतर तिच्याखाली दबलेला एक किर्र आवाज ऐकू येऊ लागला, त्याचा तपास चालू आहे.

राहिला प्रश्न आईचा. नव्या सस्पेन्शनवरून पहिल्यांदा तिला मंडईत नेले तेव्हा ती वाटभर गप्प होती, आणि ती झोपलेली नव्हती. उतरल्यावर ती म्हणाली, “अरे, आमच्या लहानपणी स्टेशनवरून टांग्याने यायचो. त्याला खाली लोखंडी पाटे होते. तो सुद्धा असा आपटत नव्हता.” मी तिला सांगितले की शॉकअपसाठी जगभर नावाजलेली हॉलंडची कोनी ही कंपनी १८५७ साली सुरू झाली ती घोड्यांचे साज तयार करण्यासाठीच, तेव्हा टांग्याशी केलेली तुलना या क्षेत्रात मानाची समजली जाते. “मग त्यांना विचार ना, टांगा कसा करायचा ते,” असे म्हणून ती भाजी घ्यायला गेली.

तेव्हा मला त्या तीस पायऱ्यांचे मोल समजले. आईसाठी मी बटण पार मऊकडे फिरवले. पुढची बटणे बॉनेट उघडले की हाताशी येतात, मागची मात्र डिकीतले आवरण काढून आत कोपरापर्यंत हात घातल्यावर सापडतात आणि एकेक पायरी टिकटिक मोजत फिरवावी लागतात. स्प्रिंग ६ किलोचीच असल्याने बटण मऊ केले म्हणून गाडी मऊ होत नाही, आणि एका मर्यादेपलीकडे तर ती पूर्वीसारखी डोलू लागते, हे मी आईला समजावून सांगितले. ती डोलण्याच्या बाजूने होती. बऱ्याच वाटाघाटींनंतर मऊ टोकापासून सहावी पायरी आईची आणि अठरावी माझी असा तह झाला. पत्नीने बारावी सुचवली होती, ती दोन्ही पक्षांनी फेटाळली.

परवा आईच्या भजनी मंडळातल्या दोघीजणींना घेऊन आळंदीला जायचे ठरले. मी किल्ली घेऊन खाली आलो तर तिघीजणी गाडीपाशी उभ्या होत्या आणि आत बसायला कुणी तयार नव्हते. आई त्यांना सांगत होती, “थांबा गं, एवढ्यात बसू नका. काल हा घाटात गेला होता, म्हणजे अठरावर असणार.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “सहावर आण. आणि आज तिघी आहोत मागे, तेव्हा आणखी दोन सोड.” तिघी मागे बसल्या की भार वाढतो, आणि भार वाढला की शॉकअप सोडायचा नसतो, उलट थोडा आवळायचा असतो, हे मी सांगायला सुरुवात केली होती; पण तोवर तिने डिकी उघडून धरली होती.