हँडल परत ढिलं का झालं, रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर, तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय की हँडल हलत होतं म्हणून सायकल दिली, वरचा एक बोल्ट फिरवायचे 300 रुपये घेतले, पंधरा दिवसांत परत तीच खुळखुळ सुरू झाली, घरी तुम्ही तो बोल्ट अजून आवळून बघितला तरी फरक नाही आणि आता आम्ही बेअरिंग बदला म्हणून मागे लागलोय. तुमचा राग समजतो, पण हे बाकीचे सायकलवाले पण वाचतात आणि विषय ब्रेकइतकाच सेफ्टीचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ते 300 रुपये बोल्ट फिरवायचे नव्हते सर. स्टेम (हँडलला चिमट्याशी जोडणारा तुकडा) काढला, चिमटा (पुढचं चाक धरणारा) खाली घेतला, हँडल ज्यांच्यावर फिरतं ती वरची-खालची दोन्ही बेअरिंग बाहेर काढून पुसली, नवीन ग्रीस भरलं आणि मग सेटिंग केलं. वरचं बेअरिंग चांगलं होतं. खालचं बोटावर धरून फिरवलं की खरखर लागत होती आणि सीलच्या कडेला तांबडा गंज होता, ते काउंटरवर तुमच्या हातात पण दिलं होतं. तुम्ही म्हणालात सध्या चालू दे, म्हणून तेच परत बसवलं आणि बिलावर तसं लिहून दिलंय, बिल घरी असेल तर बघा.

खालचंच आधी जातं कारण पुढच्या चाकाचं पाणी आणि चिखल थेट तिथे उडतो, तुमच्या सायकलला मडगार्ड नाहीये, आणि खड्ड्याचा दणका पण पहिला त्यालाच बसतो. त्यात वॉशिंग सेंटरला प्रेशरने धुतली की पाणी सीलच्या आत जातं आणि ग्रीस धुऊन निघतं. एकदा आत गंजून खाचा पडल्या की सेटिंगने भागत नाही, टाइट केलं तर हँडल सरळ असताना खट करून एका जागी बसतं आणि वळवायला जड जातं, जरा सैल सोडलं की प्ले, म्हणजे तीच खुळखुळ, येतो. पंधरा दिवसांत तेच झालंय.

आता तो वरचा बोल्ट. बऱ्याच जणांना वाटतं हँडल त्याने धरलेलं असतं, तसं नाहीये, तो फक्त बेअरिंगवर दाब आणतो आणि तो दाब धरून ठेवतात स्टेमच्या बाजूचे दोन बोल्ट. म्हणजे आधी बाजूचे दोन्ही ढिले करायचे, मग वरचा हळूहळू आवळायचा, प्ले गेला आणि हँडल मोकळं फिरतंय असं झालं की थांबायचं, हँडल चाकाच्या सरळ रेषेत आणायचं आणि मग बाजूचे आवळायचे, बऱ्याच स्टेमवर 5 एनएम (आवळायच्या जोराचं माप) वगैरे आकडा छापलेला असतो तेवढेच. बाजूचे टाइट असताना वरचा पिळला तर खाली काही होत नाही, उलट चिमट्याच्या नळीच्या आतला स्टार नट, ज्यात हा वरचा बोल्ट बसतो, तो वर ओढला जातो. दुसऱ्यांदा आलात तेव्हा तुमचा थोडा वर आलेला दिसला, म्हणून प्लीज आता त्याला अजून जोर लावू नका. (जुन्या काळ्या सायकलींचं वेगळं असतं, तिथे वरचा कप (बेअरिंगची वाटी) एका पान्याने धरून दुसऱ्याने त्याच्यावरचा चेकनट आवळतात.)

प्ले आहे का हे घरीच कळतं. पुढचा ब्रेक दाबून धरा, दुसऱ्या हाताची बोटं चिमटा आणि फ्रेमच्या जोडावर ठेवा आणि सायकल पुढेमागे हलवा, जोडात टकटक लागली तर बेअरिंगचा प्ले. डिस्क ब्रेक असेल तर पॅड पण जरासे हलतात आणि फसायला होतं, मग हँडल पूर्ण आडवं वळवून परत बघा.

माझं म्हणणं अजूनही तेच आहे, खालचं बेअरिंग बदलावंच लागेल. पार्टचे 450 रुपये होतील, लेबर घेणार नाही कारण मागचं काम ताजं आहे, स्टार नट पण त्यातच बघून देतो. काम तुमच्यासमोर उघडून करू, जुनं बेअरिंग घरी घेऊन जा आणि दुसऱ्या कुठल्याही मेकॅनिकला दाखवा. पार्ट बाहेरून आणलात तरी बसवून देईन, फक्त बेअरिंगच्या कडेवर छापलेला साइज आणि डिग्री (कडेचा अँगल) बघून घ्या, दिसायला सारखी असतात पण दुसऱ्या अँगलचं कपात नीट बसत नाही. सोमवार सोडून कधीही या, आणि तोवर ही सायकल घेऊन सिंहगडाचा उतार उतरू नका सर, एवढं मनापासून सांगतो.