आप्पांची झोप आणि एक नंबरचं बटण

आमच्या घरी टीआरपीचा मीटर होता, हे आता सांगायला हरकत नाही. तो काढून नेऊनही बराच काळ लोटला. तेव्हा मात्र सक्त ताकीद होती: कुणाला कळता कामा नये. मीटरची घरं गुप्त ठेवतात, नाहीतर वाहिन्यांची माणसं पाकिटं घेऊन दारात यायची. तत्त्व म्हणून ठीक आहे, पण आम्ही राहतो डोंबिवलीत, कॉमन गॅलरीच्या इमारतीत. टीव्हीखालचा नवा डबा शेजारच्या काकूंनी पहिल्याच संध्याकाळी हेरला. "यांचं बीपीचं मशीन," असं सासूबाईंनी बेधडक ठोकून दिलं आणि मग निम्मी गॅलरी बीपी मोजून घ्यायला यायला लागली.

मीटर बसवण्याआधी एक मुलगा फॉर्म घेऊन आला होता. घराची आर्थिक-सामाजिक पायरी ठरवायला त्यांना दोनच गोष्टी लागतात. ठरावीक 11 वस्तूंपैकी घरात कोणकोणत्या आहेत, आणि घरखर्चाला सगळ्यात जास्त हातभार लावणाऱ्या माणसाचं शिक्षण किती. वस्तूंचं चटकन झालं. पंखा, गॅस, फ्रिज, दुचाकी. शेतजमिनीवर आई पाच मिनिटं बोलल्या, कारण ती आहे पण दिराबरोबर वाद चालू आहे, आणि त्या मुलाच्या फॉर्मवर वादाला रकाना नव्हता. मग त्याने विचारलं, "जास्त खर्च कोण उचलतं?" घरात एकदम शांतता. माझा पगार नवऱ्यापेक्षा जास्त आहे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच कधी बोललं नव्हतं. "सुधीरचं नाव लिहा," आप्पा म्हणाले. नवरा प्रामाणिक. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. आप्पा दोन दिवस माझ्याशी फक्त भाजीबद्दल बोलले.

मीटरचं काम मजेशीर असतं. वाहिन्या आपल्या आवाजात एक खूण मिसळतात. ती माणसाच्या कानाला ऐकू येत नाही, मीटरला येते, त्यावरून कोणती वाहिनी चालू आहे ते त्याला कळतं. (आईंना ती खूण ऐकू यायची. "किर्र करतंय," म्हणायच्या.) पण टीव्हीसमोर कोण बसलंय, हे त्या डब्याला काही केल्या कळत नाही. ही अडचण जुनीच. अमेरिकेत नील्सन कंपनीने रेडिओला ऑडिमीटर जोडला आणि 1942 पासून त्याचे आकडे विकायला लागली, तेव्हा रेडिओ चालू आहे एवढंच समजायचं. ऐकणारा माणूस आहे की खुर्चीवरचं मांजर, ते नाही. म्हणून 1987 मध्ये तिथे बटणांचा पीपल मीटर आला. प्रत्येकाला एक बटण. बसलात की दाबा, उठलात की दाबा.

दाबा म्हणजे कुणी दाबा? आमच्याकडे हा प्रश्न विचारलाच गेला नाही. दूध, गॅसचा नंबर, मुलाचा युनिफॉर्म, त्यात बटणं. रिमोटवर मी पट्टी चिकटवली: 1 आप्पा, 2 आई, 3 सुधीर, 4 मी, 5 चिनू. मग पोळी तव्यावर टाकून बाहेर यायचं, कोण बसलंय बघायचं, दोन चालू, पाच बंद, परत आत. माझं चार नंबरचं बटण सगळ्यात कोरं राहिलं. आकडेवारीपुरती मी टीव्ही बघतच नव्हते, आणि ते खरंच होतं.

पाहुण्यांचीही सोय असते, फक्त वय आणि स्त्री की पुरुष ते भरावं लागतं. कुमुदआत्या राहायला आल्या तेव्हा मी रिमोट घेऊन अदबीने वय विचारलं.

"टाक पन्नास," त्या म्हणाल्या.

"मी बहात्तरचा," आप्पा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "आणि ही मला कडेवर घेऊन फिरायची."

आत्या उठून बाल्कनीत गेल्या. मी पाहुण्याचं बटण बंद केलं. नियम म्हणजे नियम.

खरी गोची आप्पांची. ते बातम्या लावतात आणि तिसऱ्या मिनिटाला घोरायला लागतात. टीव्ही बंद केला की ताडकन उठतात, "बघतोय ना मी!" 2020 साली बार्कचा, म्हणजे आपल्याकडे टीआरपी मोजणाऱ्या संस्थेचा, हिशेब असा होता: टीव्ही असलेली घरं 21 कोटी, मीटर 44,000. म्हणजे ढोबळमानाने एका मीटरमागे पावणेपाच हजार घरं. आप्पांचा डोळा लागला की एका तडाख्यात पावणेपाच हजार आप्पा त्या चर्चेचे निष्ठावंत प्रेक्षक. अमेरिकेत रेडिओसाठी पेजरसारखा कमरेला लावायचा मीटर निघाला, त्यात हालचाल ओळखायची सोय आहे. तो असता तर आप्पा पहिल्याच आठवड्यात सापडले असते.

त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा गुन्हा दाखल केला. मीटरवाल्या घरांना ठरावीक वाहिनी लावून ठेवायला पैसे दिल्याचा आरोप होता. बार्कने बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडेच थांबवले, ते परत आले मार्च 2022 मध्ये. आप्पांची झोप जवळजवळ दीड वर्ष कुणी मोजली नाही. आईंचं दुःख वेगळं होतं. "आपल्याकडे कसं कुणी आलं नाही पैसे घेऊन? आपण काय वाईट बघतो?"

मग त्या भाचीच्या बाळंतपणाला नाशिकला गेल्या. निघताना म्हणाल्या, "साडेआठला माझं दोन नंबर दाबत जा. मी तिकडे बघतेच आहे."

"आई, तिकडे मीटर नाही. तसं चालत नाही."

"झोपलेल्या माणसाचं चालतं आणि जागी बघणारीचं नाही?"

मला उत्तर सुचलं नाही, बटणही मी दाबलं नाही. आकडे गुरुवारी येतात. त्या परत आल्या आणि नेमकी त्यांची मालिका बंद होत असल्याची बातमी आली.

"पावणेपाच हजार सासवा तू घरातून घालवल्यास," त्या म्हणाल्या. एवढं गणित त्यांना बरोबर जमलं.