गणपतीच्या वर्गणीसाठी पगाराच्या फोल्डरची किल्ली

तुमच्या कंपनीत ईमेलवाले सिक्युरिटी ग्रुप, म्हणजे एकाच नावावर मेलही जातो आणि फोल्डरही उघडतो असे माणसांचे गट, आहेत ना? असणारच. ते कसे सांभाळायचे, याचा माझ्याकडे ताजा अनुभव आहे. गेल्या शनिवारी सगळे साडेपाचला घरी गेले आणि कुपवाड एमआयडीसीतल्या ऑफिसात रात्री साडेनऊपर्यंत आयटी सांभाळणारा मी, ऑडिटर आणि भडंगाचा पुडा एवढेच उरलो. तेव्हा ऐका.

ग्रुपचं नाव असं ठेवा की ठेवणाऱ्यालाही आठ दिवसांनी अर्थ लागू नये. ‘अकाउंट्स-नवीन’, ‘अकाउंट्स-नवीन-२’, ‘अकाउंट्स-फायनल’. शिवाय ‘टेस्ट’ नावाचा एक तरी हवाच, आणि बॅकअपचा अख्खा फोल्डर त्यालाच उघडा हवा.

ओनर म्हणून नोकरी सोडून पुण्याला गेलेल्याचंच नाव राहू द्या. तेवढीच आठवण.

ग्रुपात ग्रुप, त्यात आणखी एक ग्रुप घाला. पॉवरशेलमधून, म्हणजे कमांड टाइप करून, यादी काढली की आतला ग्रुप एकाच ओळीत दिसतो, आतली माणसं दिसत नाहीत. यादी कशी सुटसुटीत!

आता मुख्य मंत्र. हा ग्रुप म्हणजे मेलची यादी, असंच धरून चाला. डिस्ट्रिब्युशन लिस्ट निराळी, हिला फक्त मेल जातात; सिक्युरिटी ग्रुपला मेलबरोबर फोल्डरच्या परवानग्याही चिकटलेल्या असतात, असं कुणी सांगायला लागलं तर ‘ते टेक्निकल तुमचं तुम्ही बघा’ म्हणून फोन ठेवा. आमच्याकडं अगदी असंच झालं. एचआरच्या मॅडमनी फोन केला, “अहो, गणपतीच्या वर्गणीचा मेल स्टोअर आणि डिस्पॅचच्या पोरांना जाईना झालाय. अकाउंट्सच्या ग्रुपमध्ये टाका की त्यांना!” माझ्या आधीच्या पठ्ठ्यानं टाकलं. वर्गणी झकास जमली, आरतीला पेढे आले. फक्त त्याच ग्रुपला पगारवाढीच्या शीटचा फोल्डर उघडा होता. गणपती गेले कृष्णेत, पोरं राहिली ग्रुपात. कुणाला किती वाढ मिळणार, हे पुढची दोन वर्षं साहेबांच्या सहीआधी डिस्पॅचला ठाऊक! मला वाटायचं, पोरं हुशार आहेत, अंदाज बरोबर येतो.

बरं, हा ग्रुप डायनॅमिक होत नाही. माणसाचं डिपार्टमेंट बदललं म्हणून त्याचं नाव आपोआप गळत नाही, हातानं काढावं लागतं. एन्ट्रा, म्हणजे मायक्रोसॉफ्टची लॉगिन सांभाळायची सिस्टीम, तिच्या पोर्टलवर ग्रुप दिसतो, पण तिथं मेंबर काढता येत नाही. त्यासाठी मेल सांभाळणाऱ्या एक्स्चेंजच्या ॲडमिन सेंटरला जायचं. अर्ज या खिडकीवर, शिक्का त्या खिडकीवर. आणि वैतागून अख्खा ग्रुपच उडवला, तर मायक्रोसॉफ्ट ३६५ ग्रुपसारखा ३० दिवसांत परत आणायची सोयही नाही. म्हणून कुणी हात लावत नाही, मीही लावला नव्हता.

लॉगची काळजी नको. साध्या लायसनवर ऑडिट लॉग, म्हणजे कुणी काय बदललं याची नोंद, १८० दिवस टिकतो. २०२३ पर्यंत तर ९० च दिवस टिकायचा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनंही एप्रिल २०२२ च्या निर्देशांत १८० दिवसांचेच लॉग ठेवायला सांगितलेत. तेव्हा चुकीचं माणूस टाकलं असेल तर सात महिने गप्प बसा. मग कुणी टाकलं, हे ब्रह्मदेवालाही सापडणार नाही. शनिवारी ऑडिटरनं मला नेमकं तेच विचारलं.

आणि खातेप्रमुखांनो, ग्रुपातल्या नावांची यादी तपासायला आली की लगेच ‘ओके’ लिहून पाठवा. वाचत बसू नका.

नाही, इथं मला चेष्टा जमणार नाही. मार्चमध्ये मी २१२ नावांची यादी पाठवली होती. एका साहेबांचं ‘ओके’ मिनिटाभरात आलं. त्यांच्या सहीच्या त्या यादीत आमच्या फोरमनकाकांचं नाव होतं. काका वारून वर्ष झालं. अकाउंट चालू, पगाराच्या फोल्डरची परवानगी चालू. ऑडिटरनं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “हे कुठं बसतात?” काय सांगू मी? साहेब, तेराव्याला तुम्ही माझ्या शेजारी जेवायला बसला होता की वो! नाव वाचलं असतं तर कळलं नसतं का तुम्हाला? मला २१२ माणसं ठाऊक नसतात, तुम्हाला तुमची वीस असतात. म्हणून तर यादी तुमच्याकडं येते.

सोमवारी परत पाठवतोय. प्रत्येक नावापुढं ‘राहू दे’ नाहीतर ‘काढ’ लिहायचं. नुसतं ‘ओके’ आलं तर प्रिंट घेऊन तुमच्या टेबलाशी उभा राहीन, चहाही मागणार नाही. आणि मॅडम, वर्गणीच्या मेलसाठी वेगळी लिस्ट करून ठेवलीय. दोन मिनिटं लागली. फोन करताच ना, मग तेवढंच मागायचं होतं!