घरातल्या विद्वानाच्या कागदांची विल्हेवाट कशी लावावी

घरात एखादा विद्वान माणूस होऊन गेला असेल, म्हणजे पोर्तुगीज कवितांचं मराठी करणारा वगैरे, तर आधी अभिनंदन आणि मग माळ्यावरची ट्रंक बघून घ्या. सत्काराच्या शाली भावंडांत वाटून संपतात, नारळ सोलकढीत जातात, राहतात ते कागद.

चवथीच्या साफसफाईला ट्रंक खाली काढा. ऐन पावसातच काढायची, कारण तेव्हा गोव्यात भिंतसुद्धा ओली लागते, कागद एकमेकांना चिकटून आपोआप समग्र वाङ्मय तयार होतं, संपादकाला पैसे द्यायला नकोत. मग ट्रंक भिंतीला टेकवून जमिनीवरच राहू दे, वाळवीची सोय होते. टाचण्या काढू नका, गंज चढू दे. फाटल्या पानांना सेलोटेप मारा (काही वर्षांनी टेप गळते, पिवळा डाग राहतो, त्याला आपण जतन म्हणतो) आणि फारच प्रेम उतू चाललं असेल तर सरळ लॅमिनेशन!

खोडाखोडीचे खर्डे पहिले भंगारवाल्याला. छापलेलं पुस्तक आहे ना, मग कच्चं कशाला हवं? आमच्या काकांचीच वही घ्या. पोर्तुगीजमध्ये 'मारे' म्हटलं की त्यात भरतीही आली नि ओहोटीही आली, मराठीत मात्र पाणी येतंय की जातंय हे आधी ठरवावं लागतं. काकांनी 'भरती' लिहून खोडलंय, 'ओहोटी' लिहून खोडलंय, बाजूला कोकणीतलं 'सुकती' लिहून तेही खोडलंय आणि खाली "कवीलाच विचारतो". एका शब्दापायी अर्धं पान नासलं हो!

पत्रं जरा अवघड. कागद आपला असला तरी आतल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, त्याच्यामागे त्याच्या वारसांचा, असा कायदा आहे. त्यामुळे कोणी पीएचडीवाली मुलगी बघायला आली तर हाच कायदा सांगून चहा पाजून पाठवून द्या, नंतर तोच गठ्ठा रद्दीत घालताना मात्र तो आठवायचा नाही. पणजीत पाटो भागात सेंट्रल लायब्ररी आहे, 1832 पासूनची, पुराभिलेख खातंही आहे, पण तिकडे फोन करू नका, उगाच यादी बिदी करावी लागेल.

आणि मनाला लावून घेऊ नका, ही आपली जुनी परंपराच आहे. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, म्हणजे येशूची मराठी ओव्यांतली कथा, 1616 ला गोव्यातल्या रायतूरला छापलं, मग 1649 ला, 1654 ला परत, आणि आज त्या तीन आवृत्त्यांची एक छापील प्रत कोणाला दाखवता येत नाही. वाचल्या त्या हाताने उतरवलेल्या पोथ्या, त्यातली देवनागरीतली तर लंडनला निघाली. तुमच्या ट्रंकेचं काय घेऊन बसलात!

शेवटचं, तिकिटं तेवढी वाया घालवू नका. 1974 च्या अखेरीस भारत-पोर्तुगालचं परत जुळलं तेव्हा कुठे काकांनी त्या कवीला पत्र घातलं, आणि 78 साली लिस्बनहून साधं पोस्टकार्ड आलं ते पोस्टमनकडून मीच घेतलं. वय वर्षं नऊ, हातात कात्री. कवीचं उत्तर नेमकं तिकिटाच्या मागच्या कोपऱ्यात होतं. ते तिकीट अजून माझ्या अल्बममध्ये आहे, डिंकाने घट्ट बसवलंय, सोडवायला भिजवलं तर शाई जाईल. काकांच्या पुस्तकात त्या जागी 'पाणी हललं' एवढंच छापलंय.