परदेशात हाऊसफुल्ल? तिकीट कुणी काढलं तेवढं सांगा

परवा व्हॉट्सअॅपवर एका मराठी सिनेमाचं पोस्टर फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं. खाली ठळक अक्षरांत ‘परदेशातही हाऊसफुल्ल!’ आणि त्याखाली झेंड्यांची रांग. त्यात जर्मनीचा झेंडा बघून मला हसूच आलं, कारण त्या झेंड्यामागची एक खुर्ची माझी होती. शनिवारी सकाळी अकराचा शो, जर्मनीतल्या आमच्या मराठी मंडळाने भाड्याने घेतलेलं छोटंसं थिएटर, मध्यंतरात बटाटेवडे, सिनेमा सुटल्यावर गणपतीच्या वर्गणीची आठवण. शंभरेक माणसं असतील. एक सोडून सगळी आपलीच. तो एक म्हणजे माझ्या ऑफिसातला जर्मन सहकारी. त्याला मीच ओढून नेलं होतं. त्याची गोष्ट पुढे सांगते.

शो हाऊसफुल्ल होता, खोटं नाही. पण त्याला परदेशातलं यश म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तो माहेरचा डबा होता. डबा मलाही हवाच असतो, दोन घास जास्तच जातात. पण आईने पाठवलेला डबा लेकीने संपवला म्हणून आईची खानावळ चालली असं होत नाही.

हे फक्त मराठीचं नाही. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, ‘नेझा २’ या चिनी अॅनिमेशनपटाने २०० कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला. इंग्रजी सोडून दुसऱ्या कुठल्याही भाषेतल्या सिनेमाने आजवर इतका पैसा केलेला नाही. बातम्या आल्या, ‘चिनी सिनेमाने जग जिंकलं.’ आकडा फोडून बघा. ९५ टक्क्यांहून जास्त पैसा खुद्द चीनमधला. एवढी लोकसंख्या घरातच असेल तर जग जिंकायला उंबरठा ओलांडावा लागत नाही.

म्हणून मी माझ्यापुरती एक साधी कसोटी ठेवलीय. सिनेमाची भाषा ज्याला ओ की ठो कळत नाही, अशा माणसाने स्वतःच्या खिशातून तिकीट काढलं का? या कसोटीला उतरलेले सिनेमे बघायला लागलं की भलतीच मजा येते.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण ‘येसेनिया’. नाव ऐकलंय? मीही ऐकलं नव्हतं. १९७१ चा मेक्सिकन सिनेमा, जिप्सींमध्ये वाढलेल्या एका मुलीची प्रेमकथा, रडारड भरपूर. १९७५ मध्ये तो सोव्हिएत रशियात रशियन आवाज देऊन लागला आणि त्याची ९ कोटी १४ लाख तिकिटं खपली. सोव्हिएत काळात तिथे लागलेल्या कुठल्याही सिनेमापेक्षा जास्त, त्यांच्या स्वतःच्या सिनेमांपेक्षाही. आपल्या राज कपूरच्या ‘आवारा’ची तिथली गोष्ट आपण पिढ्यानपिढ्या अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवी, साधारण ६ कोटी ४० लाख तिकिटं होती ती. पण त्यातला एक तपशील आपण गाळतो. त्या प्रेक्षकांनी राज कपूरचे संवाद रशियनमध्ये ऐकले होते. गाणी तेवढी हिंदीत.

डबिंग म्हटलं की आपल्याकडचे जाणकार नाक मुरडतात. मीही मुरडायचे. फिल्म सोसायटीत चार वर्षं काढलेली बाई मी. मूळ भाषा, खाली सबटायटल, बाकी सगळं पाप. जर्मनीत आल्यावर शेजारच्या आजींनी माझं गर्वहरण केलं. त्यांचा सगळ्यात लाडका सिनेमा ‘इनटचेबल्स’. मानेखाली लुळा पडलेला श्रीमंत माणूस आणि त्याला सांभाळायला आलेला पॅरिसच्या उपनगरातला तरुण. २०१२ मध्ये जर्मनीत त्याची ९० लाखांच्या आसपास तिकिटं गेली. मी म्हटलं, ‘हो, छानच आहे, फ्रेंच सिनेमे मलाही आवडतात.’ आजी क्षणभर थांबल्या. ‘अगं हो, फ्रेंच नाही का तो!’ विसरल्याच होत्या बाई. इथे डबिंग इतकं मुरलेलं आहे की हॉलिवूडच्या मोठ्या नटांचा जर्मन आवाज वर्षानुवर्षं ठरलेला असतो. तो आवाज बदलला तर लोक तक्रार करतात.

आता तोच सिनेमा अमेरिकेत बघा. तिथे तो फ्रेंचमध्ये, खाली इंग्रजी सबटायटल घेऊन लागला आणि जेमतेम १ कोटी डॉलरवर अडकला. मग २०१९ मध्ये तीच गोष्ट इंग्रजीत, अमेरिकन नट घेऊन ‘द अपसाइड’ नावाने आली आणि तिने तिथे १० कोटी डॉलरच्या वर कमावले. गोष्ट तीच, खुर्ची तीच, व्हीलचेअरसुद्धा तीच म्हणा. जर्मनांनी परका सिनेमा आपल्या आवाजात ऐकला. अमेरिकनांनी तो आपल्या माणसांकडून पुन्हा करून घेतला.

सबटायटलच्या जोरावर अमेरिकेत खराखुरा गल्ला जमवणारे सिनेमे बोटांवर मोजावेत इतके. त्यांचा मुकुटमणी म्हणजे आंग ली यांचा २००० सालचा ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’. मँडरिन भाषा, बांबूच्या शेंड्यांवर चाललेली तलवारबाजी, अमेरिकेत १२ कोटी ८० लाख डॉलर. खुद्द चीनमध्ये मात्र त्याचं स्वागत थंडच झालं. कारणं बरीच होती, पण एक मला फार गोड वाटतं. नायक हाँगकाँगचा, नायिका मलेशियाची, दोघांची मँडरिन उधारीची. नायिका मिशेल यो यांनी तर संवाद उच्चारांवरून पाठ केले होते. चिनी प्रेक्षकाला ते हेल खड्यासारखे लागले. वऱ्हाडातल्या पाटलाच्या तोंडी सदाशिव पेठ आली तर आपलं जे होईल, तेच. ओहायोतल्या प्रेक्षकाला कसला हेल नि कसलं काय, तो खालची ओळ वाचतोय! भाषा न कळण्याचा असाही एक फायदा.

‘पॅरासाइट’ या कोरियन सिनेमाचं कौतुक तुम्ही सगळ्यांनी केलंय. चार ऑस्कर, जगभरात २५ कोटी डॉलरच्या वर, आणि दिग्दर्शक बोंग जून-हो यांचं गोल्डन ग्लोबवरचं ते वाक्य, की सबटायटलचा एक इंच उंचीचा अडसर ओलांडलात की कितीतरी भन्नाट सिनेमे भेटतील. हे वाक्य मी शंभर पोस्टींमध्ये वाचलं असेल. तो अडसर कुणी उतरवून ठेवला, त्याचं नाव मात्र एकाही पोस्टीत नाही. डार्सी पाकेट. कोरियात राहणारा अमेरिकन समीक्षक, ‘पॅरासाइट’ची इंग्रजी सबटायटल्स त्याची. सिनेमात एक झटपट शिजणारा पदार्थ आहे, ‘चापागुरी’. दोन वेगवेगळ्या ब्रँडच्या नूडल्स एकत्र करून केलेला, आपल्या मॅगीसारखा गरिबाघरचा. श्रीमंतीण त्यात महागडं बीफ घालायला लावते. हे एका ओळीत, दोन सेकंदांत सांगायचं कसं? पाकेटने रामेन आणि उदोन ही नूडल्सची दोन ओळखीची जपानी नावं जोडून ‘रामडॉन’ असा नवाच शब्द पाडला. बाप पोराच्या खोट्या कागदपत्रांचं कौतुक करतो तिथे मूळ संवादात सोल नॅशनल युनिव्हर्सिटी आहे. त्याने तिथे ऑक्सफर्ड घातलं, म्हणून थिएटरात हशा वेळेवर पिकला. काही शुद्धतावाद्यांना हे खटकलं. मला वाटतं, त्या माणसाचं नाव पोस्टरवर हवं होतं.

आता आपल्या दाराशी येऊ. ‘दंगल’. ५ मे २०१७ ला चीनमध्ये लागला आणि एकट्या चीनमध्ये १,२०० कोटी रुपयांच्या पुढे गेला. भारतातल्या कमाईच्या दुपटीहून जास्त. चिनी नाव होतं, साधारण भाषांतर करायचं तर, ‘चला कुस्ती खेळू, बाबा!’ आपल्याकडे यावर ‘भावना सगळीकडे सारख्याच असतात’ छापाचे लेख आले. असतील सारख्या. पण सारख्या भावनांचे शेकडो सिनेमे दरवर्षी धूळ खात पडतात. ‘दंगल’च्या आधी ‘थ्री इडियट्स’ने तिथे वाट मळून ठेवली होती. कॉलेजची पोरं तो एकमेकांना देत, परीक्षेच्या ओझ्याखाली दबलेली ती पिढी आमिर खानला ओळखत होती. वर एकुलत्या एका पोरावर सगळी स्वप्नं लादणारे आईबाप चीनला काही नवे नव्हते, आणि हा बाप मुलींना घडवतो की आपली हौस भागवतो, यावर तिथे इंटरनेटवर जोरात भांडणं झाली. भांडण लागलं की तिकिटं खपतात! गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी याच आमिरचा ‘ठग्स ऑफ हिंदोस्तान’ तिथे गेला आणि आपटला. म्हणजे नटाची पुण्याईसुद्धा एका मर्यादेपर्यंतच.

आणि ते १,२०० कोटी मुंबईला आले असं कुणी समजू नका. चीनमध्ये वर्षाला मोजकेच परदेशी सिनेमे कमाईतल्या वाट्याच्या बोलीवर घेतले जातात, आणि तो वाटा साधारण २५ टक्के. बाकीचे सिनेमे ठोक रकमेला विकत घेतात. मग तो चालला काय नि पडला काय, निर्मात्याला तेवढेच.

जपानची कथा वेगळीच. रजनीकांतचा ‘मुथू’ तिथे १९९८ मध्ये टोकियोच्या शिबुयातल्या एका थिएटरात लागला आणि महिनोन्महिने चालला. भारतीय सिनेमाच्या जपानी कमाईचा तो विक्रम २४ वर्षं टिकला. २०२२ च्या शेवटी ‘आरआरआर’ने तो मोडला. तेलुगू सिनेमा, जपानी सबटायटल, आणि काही खास खेळांना प्रेक्षक हातात खुळखुळे, डफल्या घेऊन येतात, कागदाचे कपटे उधळतात. त्याला ते ‘मसाला शो’च म्हणतात. शिट्टी मारायला भाषा लागत नाही हे त्यांनी आपल्याकडूनच उचललं. पुढे ताकाराझुका या तिथल्या फक्त बायकांच्या जुन्या नाटक कंपनीने ‘आरआरआर’चं संगीत नाटकही केलं. रामराजू आणि भीम दोन्ही बायका! बालगंधर्वांच्या उलटा प्रकार. मला तिकीट मिळालं असतं तर मी कर्ज काढून गेले असते.

परभाषेतल्या सिनेमाच्या कमाईचा ‘क्राउचिंग टायगर’चा अमेरिकेतला विक्रमही २५ वर्षांनी, २०२५ मध्ये मोडला. कुणी मोडला? ‘डीमन स्लेअर: इन्फिनिटी कॅसल’ या जपानी अॅनिमेने, म्हणजे अॅनिमेशनपटाने. मूळ जपानी आणि इंग्रजी डब, दोन्ही एकाच दिवशी. भारतात हिंदी, तमिळ, तेलुगूतही होता. ठाण्याची माझी भाची, जी मराठी नाटकाला ‘मावशी, झोप येते’ म्हणते, ती सकाळी सातच्या शोला आंघोळ करून हजर. जपानीच बघायचा हा तिचा हट्ट, तिच्या मैत्रिणींनी हिंदीत पाहिला. सगळ्यांची तिकिटं एकाच गल्ल्यात जमा झाली. फिल्म सोसायटीवाल्यांनी (त्यात मीही आले) जरा इकडे लक्ष द्यावं.

तर आता माझा सहकारी. शनिवारचा तो मराठी शो. सिनेमाचं नाव घेत नाही, सिनेमा खरंच चांगला होता. पडद्यावर मुलगी लग्न ठरल्याचं सांगते, आजी गहिवरून म्हणते, ‘तुझ्या तोंडात साखर पडो.’ खाली इंग्रजीत ओळ आली, तिचा अर्थ होता, ‘तोंडात साखर घाल.’ पुढच्या दृश्यात मुलगी चहा पिते. हा शांतपणे माझ्या कानात म्हणाला, ‘चहात साखर नाही का घालत तुमच्याकडे?’ पुढे एका भांडणात तीन मिनिटांच्या अस्सल ग्रामीण शिव्याशापांना खाली एकच शब्द होता. सगळं थिएटर हसत होतं आणि हा एकटा आमच्या तोंडांकडे बघत होता. कोट्यवधी खर्चून सिनेमा करायचा, ड्रोन उडवायचा, आणि सबटायटलं शेवटच्या आठवड्यात, पडेल त्या पैशात, मिळेल त्याच्याकडून. व्हेनिसला, बर्लिनला, सनडान्सला मराठी सिनेमे वाजतगाजत जातात. तिथे बक्षीस देणाऱ्यांनाही खालची ओळच वाचावी लागते ना?

‘सैराट’चं बघा. करमाळ्याकडच्या बोलीतला सिनेमा शंभर कोटींच्या घरात गेला. मग त्याचे कन्नड, पंजाबी, ओडिया, बंगाली, हिंदी अवतार निघाले. गोष्ट गावोगाव पोचली, पण दत्तक जाऊन, नाव-गाव बदलून. अमेरिकेने फ्रेंचांचं केलं तेच. मूळ आर्ची-परश्याला परक्या प्रेक्षकासमोर धड उभं करायला किती खर्च आला असता? ड्रोनच्या भाड्यापेक्षा कमीच असेल.

येत्या रविवारी शेजारच्या आजींना मी ‘सैराट’ दाखवणार आहे. जर्मन सबटायटलं मिळाली नाहीत, म्हणून रात्री बसून मीच करतेय, फक्त आम्हा दोघींपुरती. आर्चीच्या त्या ‘इंग्लिशमध्ये सांगू का?’ डायलॉगपाशी आले, जो अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे. जर्मनमध्ये तो मुकाट्याने बसला, कारण इंग्रजीची धमकी इथेही धमकीच असते. पण इंग्रजी सबटायटल करणाऱ्याने काय करावं? जो माणूस आधीच इंग्रजी वाचतोय, त्याला इंग्रजीत सांगण्याची धमकी कशी द्यायची? दोन रात्री डोकं खाजवतेय. कुणाला सुचलं तर कमेंटमध्ये लिहा.