रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखणं खरं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही रागानं लिहिलं असलं, तरी त्या रागामागे डोकेदुखीनं त्रासलेल्या बहिणीची काळजी आहे, म्हणून सविस्तर उत्तर देते.

तुमचे आक्षेप असे : नसेच्या डोकेदुखीवर लिहून मी लोकांना घाबरवते. एमआरआय स्वच्छ असेल तर दुखणं ताणाचंच असतं. डोकेदुखीला फिटची गोळी देणं हा अघोरीपणा आहे. आणि बहिणीनं आता डॉक्टरांच्या फेऱ्या सोडून प्राणायाम करावा.

आधी एमआरआय. गाठ, रक्तस्राव, मणक्यापाशी दबलेली नस असं काही नाही ना, हे बघायला तो काढतात, आणि तो काढायलाच हवा. पण घराचा फोटो काढला म्हणून भिंतीतली वायर ठिणग्या टाकते आहे का, हे त्यात दिसत नाही. मला ऑक्सिपिटल न्यूराल्जिया, म्हणजे डोक्याच्या मागच्या नसेचं दुखणं आहे. मानेच्या वरच्या मणक्यांपाशी निघणारी एक नस स्नायूंमधून वाट काढत टाळूपर्यंत जाते. ती चिडली की मानेच्या खळग्यातून वर सणक जाते, काही सेकंद, कधी काही मिनिटं. मग त्या बाजूला कंगवासुद्धा लावून घेववत नाही. कधीकधी तीच कळ डोळ्यामागे उठते, कारण मानेकडून येणाऱ्या आणि चेहऱ्याकडून येणाऱ्या वेदनेच्या वाटा मेंदूच्या देठापाशी एकत्र येतात. रिपोर्ट नॉर्मल आला तेव्हा घरातल्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि मी रडले. आता माझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, असं वाटलं होतं. तुमच्या बहिणीला तसं वाटू देऊ नका, एवढी विनंती आहे.

ताणानं दुखणं वाढतं, हे मी रोज अनुभवते. झोप मोडली की दुसरा दिवस वाईट जातो. पण वाढवणारी गोष्ट म्हणजे मूळ कारण नव्हे. ॲमिट्रिप्टिलिन हे नैराश्यावरचं औषध कमी मात्रेत नसेच्या वेदनेवर देतात. चिठ्ठीवर ते नाव दिसलं की नातेवाईक लगेच म्हणतात, बघा, मनाचंच होतं! ते खरं नाही. वेदनेचे निरोप मेंदूकडे पोचताना त्यांची तीव्रता कमी करायला ते औषध मदत करतं.

फिटच्या गोळीचंही तसंच. कार्बामाझेपिन हे फिटवरचं औषध. चेहऱ्याच्या नसेच्या भयंकर दुखण्यावर, म्हणजे ट्रायजेमिनल न्यूराल्जियावर, ते चालतं हे १९६२ साली प्रसिद्ध झालं आणि त्या आजारात आजही पहिली पसंती त्यालाच आहे. उगाच चेतणाऱ्या नसेला ते शांत करतं. साधी वेदनाशामक गोळी हे काम करत नाही, म्हणून ती घेऊन सणक थांबत नाही. धोके आहेतच : गुंगी, तोल जाणं, रक्तातलं सोडियम उतरणं, क्वचित अंगावर जीवघेणे चट्टे. काही आशियाई वंशाच्या लोकांत एका जनुकामुळे हा शेवटचा धोका जास्त असतो, म्हणून गोळी सुरू करण्याआधी तपासणी सुचवतात. हे सगळं डॉक्टरांना विचारा, खडसावून विचारा. पण गोळी स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका.

मला खरी भीती वाटते ती दुकानातून आणलेल्या डोकेदुखीच्या गोळ्यांची. आधीच डोकेदुखी असलेल्या माणसानं साध्या गोळ्या महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, एकाहून जास्त औषधं असलेल्या मिश्र गोळ्या दहा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चालवलं, तर त्या गोळ्याच वेगळी डोकेदुखी लावू शकतात. बहीण किती घेते, हे तुम्ही लिहिलेलं नाही. विचारा तिला.

प्राणायामाला माझा विरोध नाही, मीही करते. मान सैल राहते, झोप बरी लागते. पण तो उपचाराच्या जोडीला हवा, उपचाराच्या जागी नको.

फेऱ्यांबद्दल मात्र तुमची चीड मला पटते. चेहऱ्याची नस दुखत असताना ते दातांचं दुखणं समजून निरोगी दात काढून घेतलेले लोक कमी नाहीत. पण फेऱ्या वाढतात त्या बहुतेकदा दुखण्याची जातकुळी न ठरल्यामुळे. बहिणीला एका वहीत लिहायला सांगा : कुठून सुरू होतं, ठणका आहे की सणक, किती वेळ टिकतं, स्पर्शानं किंवा मान वळवल्यानं उठतं का, मळमळ होते का, उजेड सोसतो का. मळमळ आणि उजेडाचा त्रास असेल तर अर्धशिशीचा विचार आधी होईल आणि औषधंच बदलतील. ही वही घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे जा. माझ्या डॉक्टरांनी नसेपाशी भूल देणारं इंजेक्शन देऊन पाहिलं आणि तो भाग बधिर असेपर्यंत दुखणं थांबलं. निदानाला त्यानं मोठा आधार मिळाला. अर्धशिशीतही या इंजेक्शननं आराम पडू शकतो, त्यामुळे केवळ त्यावर निदान ठरत नाही.

एक गोष्ट उद्यावर टाकू नका. बहिणीचं वय पन्नाशीच्या पुढे असेल, हे दुखणं नव्यानं लागलं असेल, टाळूला हात लावल्यावर दुखत असेल, चावताना जबडा भरून येत असेल किंवा नजर मधूनच अंधुक होत असेल, तर ती नस नसून डोक्याच्या रक्तवाहिन्यांची सूज असू शकते. त्यात उपचाराला उशीर झाला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. अशा वेळी वही पूर्ण होण्याची वाट पाहू नका, तिला आजच डॉक्टरांकडे न्या आणि ईएसआर व सीआरपी या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्यांबद्दल विचारा.